नातीच्या कॉलेजाचे नाव आणि आजोबांचे आठ लाख

वाचकाचे पत्र, थोडक्यात: पश्चिम महाराष्ट्रातील एका तालुक्याच्या गावी राहणारे चौऱ्याहत्तर वर्षांचे निवृत्त मराठी शिक्षक लिहितात की, त्यांचा मुलगा वीस वर्षांपासून अमेरिकेत मिसिसिपी राज्यात स्थायिक आहे. अठरा वर्षांच्या नातीने नर्सिंगच्या शिक्षणासाठी तेथील हॅटिसबर्ग शहरातील विल्यम कॅरी विद्यापीठ निवडले आहे. ही संस्था ख्रिस्ती असून तिला एका मिशनऱ्याचे, बायबलच्या भाषांतरकाराचे नाव दिलेले आहे, हे कळल्यापासून आजोबा अस्वस्थ आहेत. नातीने ‘क्रुसेडर्स’ (म्हणजे ख्रिस्ती धर्मयोद्धे) असे छापलेला सदरा घालून काढलेला फोटो आला, तेव्हा ही अस्वस्थता रागात बदलली. जमिनीचा एक तुकडा विकून आलेले आठ लाख रुपये त्यांनी तिच्या शिक्षणासाठी बाजूला ठेवले होते. ‘त्या कॉलेजात गेली तर एक पैसाही देणार नाही’ असे त्यांनी मुलाला कळवले, आणि तेव्हापासून नातीचा दर रविवारचा फोन बंद आहे. भावकीतले लोक विचारतात, ‘स्वतःच्या पैशाने पोर बाटवणार का?’ पत्नी त्यांच्याशी मोजकेच बोलते. ‘मी तीस वर्षे मराठी व्याकरण शिकवले, मोडी शिकलो, भाषा आणि संस्कार जपले, आता मी हट्टी ठरलो आहे. माझे चुकते कुठे?’ असा त्यांचा प्रश्न आहे.

सप्रेम नमस्कार,

आपले पत्र मी दोनदा वाचले. साडेतीन पानांत आपण त्या संस्थेविषयी, तिच्या नावाविषयी, सदऱ्यावरील अक्षरांविषयी आणि भावकीच्या बोलण्याविषयी सविस्तर लिहिले आहे, परंतु नातीने हेच महाविद्यालय का निवडले, याविषयी त्यात एकही वाक्य नाही. ते आपल्याला ठाऊक असूनही लिहायचे राहून गेले असेल, किंवा आपण तिला ते अद्याप विचारलेच नसेल. दुसरी शक्यता खरी असेल, तर पुढे मी जे काही लिहितो आहे त्याच्या आधी तो प्रश्न तिला विचारावा, आणि तोही मुलाच्या मार्फत न विचारता स्वतः विचारावा.

आता नावाविषयी, कारण आपल्या पत्राचा सारा भार त्या नावावर आहे. विल्यम कॅरी हा मिशनरी होता आणि हिंदुस्थानात तो धर्मप्रसारासाठीच आला होता, ही आपली माहिती अचूक आहे आणि ती सौम्य करून सांगण्याचा माझा हेतू नाही. इंग्लंडमधील नॉर्थॅम्प्टनशायरमध्ये १७६१ साली एका विणकराच्या घरी जन्मलेल्या, चांभारकाम शिकलेल्या आणि लॅटिन, ग्रीक, हिब्रू या भाषा बव्हंशी स्वतःच्या हिमतीवर आत्मसात केलेल्या या माणसाने १७९३ साली कोलकात्यात पाऊल ठेवले, तेव्हा ईस्ट इंडिया कंपनीला आपल्या मुलखात मिशनरी नकोच होते. म्हणून त्याने आधी मालदा भागात निळीच्या कारखान्यावर नोकरी केली आणि १८०० साली तो डेन्मार्कच्या ताब्यात असलेल्या श्रीरामपुरात गेला. (हे श्रीरामपूर हुगळीकाठचे, आपल्या अहिल्यानगर (पूर्वीच्या नगर) जिल्ह्यातले नव्हे.) तेथे त्याने मार्शमन आणि वॉर्ड या सहकाऱ्यांसह छापखाना उभारला. त्या छापखान्यातून हिंदू आणि मुसलमान यांच्या श्रद्धांवर बोचरी टीका करणारी पत्रकेही निघाली, आणि १८०७ साली त्यावरून खुद्द कंपनी सरकारने छापखान्यावर निर्बंध आणण्याची वेळ आली. तेव्हा आपल्या मनातील अढीला इतिहासात आधार नाही, असे कोणी म्हणत असेल तर ते खरे नाही.

मात्र याच माणसाविषयीची दुसरी गोष्ट आपल्याइतकी जवळची दुसऱ्या कोणाला असेल असे मला वाटत नाही. कॅरी हा कोलकात्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात बंगाली आणि संस्कृतच्या जोडीने मराठीही शिकवत असे. १८०५ साली श्रीरामपूरच्या छापखान्यातून त्याचे मराठी भाषेचे व्याकरण प्रसिद्ध झाले. दादोबा पांडुरंगांचे व्याकरण १८३६ सालचे आणि मोल्सवर्थचा कोश १८३१ सालचा, हे आपण वर्गात सांगितले असणारच. म्हणजे हे व्याकरण दादोबांच्याही तीस-एकतीस वर्षे आधीचे आहे, आणि मराठीच्या आरंभीच्या छापील व्याकरणांत त्याची गणना होते. १८१० साली त्याचा मराठी-इंग्रजी कोश निघाला आणि त्यातील मराठी शब्द मोडी लिपीत छापलेले आहेत. मोडीचे शिशाचे खिळे पाडून, जुळवून, त्यांनी सबंध कोश छापायचा, हा उद्योग बंगालमध्ये बसून करणे किती चिकाटीचे असेल, हे मोडी लिहू-वाचू शकणाऱ्या आपल्यासारख्या माणसाला मी सांगायला नको. १८११ साली बायबलचा ‘नवा करार’ मराठीत आला. आपण तीस वर्षे जो विषय शिकवलात, त्याच्या छापील इतिहासाच्या पहिल्या काही पानांवर ज्याचे नाव आहे, त्याच माणसाचे नाव आपल्या नातीच्या विद्यापीठाच्या फाटकावर आहे.

यावर आपण म्हणाल, आणि म्हणावेच, की त्याने हे मराठीच्या प्रेमाने केले नाही. खरे आहे. व्याकरण निघाले ते दुसऱ्या इंग्रज-मराठा युद्धाच्या ऐन काळात. शिंदे आणि भोसले यांच्याशी लढणाऱ्या कंपनीला मराठी जाणणारे अधिकारी हवे होते. बायबलचे भाषांतर तर उघडच धर्मप्रसारासाठी होते. शिवाय ते भाषांतर फारसे चांगले वठलेही नाही. बंगालमध्ये बसून शिकलेली त्याची मराठी इकडच्या लोकांना ओळखीची वाटेना, आणि पुढे मुंबईतील मिशनऱ्यांना भाषांतराचे काम नव्याने हाती घ्यावे लागले. परंतु हेतू एक आणि हाती लागलेले फळ दुसरे, असे भाषेच्या व्यवहारात वारंवार घडते. दुसऱ्याला बदलायला निघालेल्या या माणसाला आधी वर्षानुवर्षे त्याच दुसऱ्याच्या पायाशी बसावे लागले. मराठीतील त्याचा आधार होते वैजनाथ पंडित. लिंग कोणते, विभक्ती कोणती, हा शब्द घरात चालतो की चालत नाही, हे त्यांना विचारल्यावाचून त्याचे एक पाऊलही पुढे पडणे शक्य नव्हते. हेच वैजनाथ पंडित पुढे त्याच छापखान्यातून सिंहासनबत्तिशीच्या कथा मराठीत, मोडी अक्षरांत आणतात, हे विशेष आहे. ज्या यंत्रावर शुभवर्तमान छापले त्याच यंत्रावर विक्रमाच्या पुतळ्याही बोलू लागल्या, आणि त्या बोलल्यामुळे वैजनाथ पंडितांचा धर्म गेला नाही.

मला हा प्रसंग आपल्यासाठी महत्त्वाचा वाटतो, कारण आपल्या पत्रामागचे पहिले गृहीतक असे दिसते की परक्या श्रद्धेच्या माणसाजवळ बसले म्हणजे आपली श्रद्धा जाते. आपण स्वतः आयुष्यभर याच्या उलट वागत आला आहात. मराठी भाषेची थोरवी सांगणाऱ्या ज्या ओव्या आपण दर वर्षी फळ्यावर लिहिल्या असतील, त्या फादर स्टीफन्स या इंग्रज जेझुइट पाद्र्याच्या आहेत, १६१६ साली गोव्यात छापल्या गेलेल्या ग्रंथातील. पारध्याच्या बाणाने घायाळ झालेल्या पक्षिणीची कविता शिकवताना आपला आवाज कापरा झाला असेल, तर ती रेव्हरंड टिळकांची होती. आपल्या भागातील माणसे गेली सव्वाशे वर्षे मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात जात आली आहेत आणि बरी होऊन घरच्या देवापुढे नारळ फोडत आली आहेत.

टिळकांचे नाव मी जाणीवपूर्वक घेतले, कारण त्यातच आपली भीतीही आहे. त्यांनी १८९५ साली ख्रिस्ती धर्म स्वीकारला तेव्हा त्यांच्या घरात जो आकांत झाला, तो मराठी वाचकाला परका नाही. धर्मांतर ही काल्पनिक गोष्ट आहे, असे सांगून मी आपली समजूत काढणार नाही. पण टिळकांना कोणी फसवले नव्हते. त्यांनी वाचले, झगडले आणि ठरवले. आपली भावकी ज्याला ‘बाटवणे’ म्हणते, त्यामागे विहिरीत पाव टाकून रातोरात गाव बाटल्याची जुनी गोष्ट आहे. हे विद्यापीठ ज्या बाप्टिस्ट पंथाशी संलग्न आहे, त्या पंथाची तर मूळ भूमिकाच अशी की, माणसाने जाणत्या वयात, स्वतःच्या विश्वासाने घेतलेला बाप्तिस्माच खरा. तान्ह्या मुलाला दिलेलाही ते मानत नाहीत. कॅरीला स्वतःला हिंदुस्थानात आल्यावर पहिला हिंदू माणूस ख्रिस्ती झालेला पाहण्यासाठी सात वर्षे थांबावे लागले. चार वर्षे नर्सिंग शिकून, केवळ इमारतीत राहिल्याने, मुलीचा धर्म पालटेल ही भीती म्हणून मला जास्तीची वाटते. तिने उद्या विचारपूर्वक काही ठरवलेच, तर ते ती सरकारी विद्यापीठात राहूनही ठरवू शकेल, आणि त्यावर आठ लाखांचा उपाय चालणार नाही.

संस्थेविषयी थोडे. १८९२ साली पॉप्लरव्हिल या गावी एक निवासी शाळा म्हणून ती सुरू झाली. आग लागल्यानंतर ती १९०६ साली हॅटिसबर्गला आली, तेथेही पुन्हा आग लागली, आणि १९११ पासून ती बाप्टिस्टांचे महिला महाविद्यालय म्हणून चालली. १९५४ साली मुलांनाही प्रवेश खुला झाला, तेव्हा ‘महिला महाविद्यालय’ हे नाव ठेवणे शक्य नव्हते, म्हणून कॅरीचे नाव आले. २००६ साली ते विद्यापीठ झाले. कॅरी तेथे कधी गेला नव्हता. तो श्रीरामपुरातच १८३४ साली वारला, आणि त्याने सहकाऱ्यांसह स्वतः स्थापन केलेले महाविद्यालय, १८१८ सालचे, आजही हुगळीकाठी आहे. त्या महाविद्यालयात पहिल्यापासून ख्रिस्ती नसलेल्या मुलांनाही जागा होती आणि पौर्वात्य वाङ्मयाबरोबर पाश्चात्त्य विज्ञान शिकवण्याचा संकल्प होता. राहिला तो सदरा. ‘क्रुसेडर्स’ हे तेथील क्रीडासंघांचे नाव आहे. त्या शब्दाला रक्ताचा इतिहास आहे आणि तो आपल्याला खटकला तर त्यात गैर काही नाही. परंतु आपल्याकडे कबड्डीच्या संघाला ‘जय हनुमान’ नाव असते म्हणून त्यातला प्रत्येक चढाईपटू लंका जाळायला निघालेला नसतो.

आता व्यवहाराच्या गोष्टी. आपल्यासारखी पत्रे मला इतरही आजी-आजोबांकडून आणि आई-वडिलांकडून येतात, म्हणून त्या जरा सविस्तर सांगतो. ख्रिस्ती महाविद्यालय म्हटले की सगळीकडे एकच प्रकार असतो असे नाही. काही ठिकाणी केवळ नाव आणि एक प्रार्थनागृह उरलेले असते. काही ठिकाणी बायबलचे एक-दोन विषय पदवीसाठी सक्तीचे असतात. काही ठिकाणी साप्ताहिक प्रार्थनासभेला हजेरी मोजली जाते. आणि काही ठिकाणी प्रवेश घेतानाच श्रद्धेच्या निवेदनावर सही मागतात. ही शेवटची गोष्ट असेल तर अन्य धर्माच्या विद्यार्थ्याने तेथे खोटी सही करून जाऊ नये, हे माझे स्पष्ट मत आहे. या चार प्रकारांपैकी आपल्या नातीचे विद्यापीठ कोणत्या प्रकारात बसते, हे भावकीला विचारून कळणार नाही. विद्यापीठाचा त्या वर्षाचा अधिकृत कॅटलॉग आणि विद्यार्थ्यांची नियमपुस्तिका यांत ते लिहिलेले असते, आणि ती दोन्ही मुलाकडून मागवून आपण स्वतः वाचावीत. शिष्यवृत्तीचे पत्र आले असेल तर तिच्या अटीही पाहाव्यात, कारण काही शिष्यवृत्त्या चर्चच्या सभासदांसाठी राखीव असतात आणि काहींचा धर्माशी काहीच संबंध नसतो. वसतिगृहाचे नियम पाहाल, तेव्हा मद्य आणि पाहुणे यांबाबत बाप्टिस्टांचे शिस्तीचे आग्रह वाचून आपल्याला कदाचित हायसेच वाटेल.

सहाध्यायी तिला चर्चला बोलावतील, हे जवळजवळ नक्की समजावे. श्रद्धा सांगणे हे त्यांना कर्तव्य वाटते. त्यावर भांडण करण्याची गरज नसते; ‘बोलावल्याबद्दल आभार, मी येणार नाही’ किंवा ‘एकदा पाहायला येईन’ एवढे तिला सहज म्हणता आले पाहिजे, आणि ते म्हणण्याचे बळ तिला तिच्या घराने दिलेले असते. घराशीच बोलणे तुटलेली मुलगी मात्र, ज्या दारात प्रेमाने ‘ये’ म्हणतात तेथे जाते. आपल्या भीतीला सर्वांत जास्त खतपाणी घालणारी गोष्ट कोणती असेल तर ती हा बंद पडलेला फोन आहे.

दुसरा पर्यायही पाहू. त्याच हॅटिसबर्ग शहरात सदर्न मिसिसिपी हे सरकारी विद्यापीठ आहे आणि तेथेही नर्सिंग शिकवले जाते. तेव्हा ‘हेच किंवा काहीच नाही’ अशी स्थिती नाही. दोन्हींची तुलना करताना धर्म बाजूला ठेवून काही गोष्टी विचारात घ्याव्यात: शिष्यवृत्ती वजा जाता प्रत्यक्ष किती खर्च येतो (खाजगी संस्थेची छापील फी मोठी असते, पण सवलतही बरीच असू शकते), रुग्णालयातील प्रशिक्षण कोठे आणि किती मिळते, आणि तेथून शिकलेल्या मुली परिचारिकेच्या परवान्याची एनसीएलईएक्स परीक्षा पहिल्या प्रयत्नात किती प्रमाणात उत्तीर्ण होतात. नातीने हा विचार केला असेल तर तिचा निर्णय आपल्या रागापेक्षा जास्त पक्क्या पायावर उभा आहे. केला नसेल, तर एका शिक्षकाने तिला विचारावेत असे हे प्रश्न आहेत. आणि भीतीच बाळगायची असेल तर निदान खरी बाळगावी: जानेवारी २०१७ मध्ये हॅटिसबर्गला टोर्नेडोने झोडपले तेव्हा या विद्यापीठाच्या इमारतींची मोठी हानी झाली होती. वसतिगृहात वादळाच्या वेळी कोठे आसरा घ्यायचा, हे तिला माहीत आहे का, एवढे जरूर विचारा.

पैशांचे आता उघड बोलतो. ते आपले आहेत आणि ते न देण्याचा अधिकार आपल्याला आहे. आपल्या सद्सद्विवेकबुद्धीला खरोखरच पटत नसेल तर देऊ नका. मात्र तसे करताना ‘तू चुकलीस म्हणून शिक्षा’ असा सूर न ठेवता, ‘मला हे जमत नाही, ही माझी मर्यादा आहे, तुझ्यावरचे प्रेम त्यामुळे कमी होत नाही’ असे तिला स्वतःच्या शब्दांत सांगा. रक्कम तिच्या नावे ठेवून पुढील शिक्षणासाठी द्यावी, हाही एक मार्ग आहे. माझे मत विचाराल तर अट काढून टाकावी आणि पैसे द्यावेत. अट घातलेली देणगी हे उसनेच असते. फक्त त्याची परतफेड रुपयांऐवजी आज्ञापालनात मागितलेली असते. आणखी एक गोष्ट आपल्या पत्रात सुटली आहे: विकलेल्या जमिनीच्या त्या तुकड्यात आपल्या पत्नीचेही कष्ट असतील. ‘एक पैसाही देणार नाही’ हे वाक्य लिहिण्यापूर्वी त्यांना विचारले होते का? नसेल, तर त्या मोजकेच का बोलतात याचे उत्तर तेथे आहे, आणि पहिली दिलगिरी अमेरिकेत न जाता माजघरात जायला हवी.

भावकीला उत्तर देणे आपल्यावर बंधनकारक नाही. फार झाले तर त्यांना सांगा की सह्याद्रीत ज्या कुंभ्याच्या झाडाखाली गुराखी बसतात, त्या झाडाचे शास्त्रीय नाव ‘केरिया’ हे याच कॅरीवरून, रॉक्सबर्ग या वनस्पतिशास्त्रज्ञाने ठेवलेले आहे, आणि त्या झाडाखाली बसून आजवर कोणी बाटल्याचे ऐकिवात नाही.

नातीला फोन कसा करावा, हे आपल्याला अवघड वाटत असणार, कारण माघार घेण्याची सवय शिक्षकांना नसते; मलाही ती उशिरा लागली. म्हणून एक निमित्त सुचवतो. त्या विद्यापीठात कॅरीच्या जीवनाचा आणि कार्याचा अभ्यास करणारे एक स्वतंत्र केंद्र आहे. त्याच्या संग्रहात मराठीसंबंधी काय आहे, हे पाहून सांगण्याचे काम नातीवर सोपवा. तोवर १८१० च्या त्या कोशाची छायांकित प्रत एखाद्या डिजिटल ग्रंथालयातून मिळवायला गावातील एखाद्या तरुणाची मदत घ्या. आपण लिहिता की नात मराठी छान बोलते पण तिला वाचता येत नाही, आणि आपले इंग्रजी कामापुरतेच आहे. त्या कोशाच्या पानावर मराठी शब्द मोडीत आहेत आणि त्यांचे अर्थ दोनशे वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत. अर्धे पान आपल्याला वाचता येईल, उरलेले अर्धे तिला. शनिवारी रात्री आपल्याकडे आठ वाजतात तेव्हा उन्हाळ्यात तिच्याकडे सकाळचे साडेनऊ वाजलेले असतात, हिवाळ्यात साडेआठ. पहिला शब्द आपण वाचा आणि त्याचा अर्थ तिला विचारा.